पाचवं कडवं मागच्या बाजूला

उर्मिला लॉज,
भाईंदर (पूर्व)
दुपारचे अडीच

ज्याच्या पाटीवर स्वतःचं नाव घालून मी आयुष्यातला पहिला मार खाल्ला, त्या आत्मारामास दशरथचा मनापासून नमस्कार.

खर्रर्र, खस्स. खर्रर्र, खस्स. ओळखलास का आवाज? काल गल्लीत कुणाच्या तरी बांधकामासाठी खडी उतरवत होते आणि मी इथे काउंटरमागच्या टेबलाशी बसल्या बसल्या थेट आपल्या चौथीच्या वर्गात जाऊन पोचलो. खिडकीबाहेर मिठागरात फळीने मीठ ओढायचे, तोच हा आवाज. आत आपण चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो आणि बाहेरची फळी बरोबर ओळीच्या शेवटी पडायची. (तू म्हणशील, असं काही नव्हतं. तू त्या वेळी बाकाखाली डबा खात होतास, तुझी साक्ष मी धरत नाही.) त्या मिठागराच्या जागी आता सात मजली इमारत आहे आणि तिचं नाव सागर-दर्शन आहे. गच्चीवरून दुसरी सात मजली इमारत दिसते.

तुझी तब्येत कशी आहे? मिरजेची हवा मानवते ना? अंबिकावहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं. आता सगळं स्वच्छ दिसायला लागल्यावर तुझ्याविषयीचं त्यांचं मत बदललं असेल, तर काय झालं ते कळव. माझं म्हणशील तर बीपी आहे, साखर आहे आणि सूनबाई आहे. तिन्ही ताब्यात आहेत, म्हणजे मी तिघांच्याही ताब्यात आहे. पत्राला खास कारण असं काही नाही. सहज लिहितोय.

आमची उर्मिला गेल्यापासून लॉज सूनबाई ममताच बघते, हे तुला माहीत आहे. (चिरंजीव स्वप्नील मस्कतला. आठवड्यातून एकदा फोनच्या काचेत दिसतो आणि 'बाबा, पाणी पीत जा' असं सांगून मावळतो.) अकरा खोल्या, त्यातल्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या ममताने इस्पितळात पेशंट ठेवलेल्या माणसांसाठी राखल्या आहेत, निम्म्या भाड्यात. सध्या तिथे डहाणूकडच्या मनोरमाबाई आहेत, नवऱ्याच्या डायलिसिसपायी सव्वा महिना झाला. बाई सकाळी सगळ्या मजल्याचा चहा करतात आणि रात्री ममताशी भांडतात, कारण ममता चहाचे पैसे देऊ बघते. बाकीच्या खोल्यांत लग्नाचं वऱ्हाड, परीक्षेची मुलं आणि बॅगेत पंप, नळ, बिजागऱ्या घेऊन फिरणारे विक्रेते. समुद्र बघायला आमच्याकडे कोणी येत नाही. समुद्र उत्तनला, आम्ही इथे स्टेशनापाशी, आणि मधे रिक्षावाला.

तर झालं असं की, इथल्या हॉटेल-लॉज मालकांच्या मंडळाला शहर प्रसिद्ध करायची लहर आली. मंडळाचे अध्यक्ष मितेशभाई, त्यांचं हायवेजवळ मोठं हॉटेल आहे, लॉबीत कारंजं आहे, कारंज्यात मासे आहेत. त्यांनी योजना आणली, तिचं नाव 'पर्यटन प्रसार विशेष आकारणी'. भरलेल्या प्रत्येक खोलीमागे रोज चाळीस रुपये मंडळाकडे जमा करायचे. त्यातून ड्रोनने काढलेली फिल्म, खाडीकाठी फायबरचा वीस फुटी रोहित पक्षी, आणि शहरावर आपलं प्रेम असल्याचं लाल हृदयासकट जाहीर करणारी पाटी. (खरे रोहित पक्षी खाडीत फुकट येतात. पण ते थांबत नाहीत, ही मितेशभाईंची तक्रार.) निम्म्याहून जास्त खोल्यांनी होकार दिला की सगळ्यांनी भरायचं, नकारवाल्यांनीही. मत माणसाला नाही, खोलीला. आमची अकरा.

ममताने कागद वाचला आणि सरळ सांगितलं, "बाबा, पेशंटवाल्यांकडून मी हे चाळीस रुपये घेणार नाही, आणि माझ्या पदरचे रोज भरू शकणार नाही. हे पास झालं तर वरचा मजला कुरियरवाल्याला गोडाऊनला द्यावा लागेल. तो कधीपासून मागतोय." मग फॉर्म माझ्या हातात दिला. "मीटिंगला तुम्ही जा, मला बँकेत जायचंय. काही करायचं नाही. या चौकटीत 'नाही' लिहायचं. एक शब्द. खाली सही, शिक्का. आणि परत यायचं."

आता तूच सांग, एवढ्या भल्या माणसांना नुसतं 'नाही'? शिपायाने दारातूनच हाकलल्यासारखं? आपल्याला शाळेत तसं शिकवलं नव्हतं. कवीला काही मागायचं असो वा नाकारायचं असो, आधी निसर्ग. आधी पहाट, वारा, पाणी, पक्षी. मग हलकेच मनुष्यजीवन. आणि शेवटच्या कडव्यात काय सांगायचं ते. मी रिक्षात बसून त्या चौकटीत बारीक अक्षरात चार कडवी लिहिली. किनारा, होड्या, मिठागरं, उत्तनकडच्या धारावीच्या किल्ल्यावरची संध्याकाळ. चौथ्या कडव्याला पान संपलं, म्हणून पाचवं मागच्या बाजूला गेलं. मुद्दा त्या पाचव्यात होता:

मात्र आमुच्या दारी कोणी सहलीसाठी फिरकत नाही
म्हणुनी अमुचा नकार घ्यावा, लेखी आहे अमुची ग्वाही

मला वाटतं, साठ वर्षांत इतका सभ्य नकार भाईंदरमध्ये कोणी दिला नसेल.

मंडळाच्या हॉलमध्ये समोसे होते. फॉर्म गोळा झाले, मितेशभाई एकेक उघडून 'हां' आणि 'ना' अशा दोन गठ्ठ्यांत टाकत होते. माझा हातात आला आणि थांबले. चष्मा वर केला, खाली केला, मग उभे राहून मोठ्याने वाचायला लागले. चारही कडवी. आत्माराम, माझी कविता माझ्यासमोर दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचण्याची ही दुसरी वेळ. (पहिल्या वेळी गुरुजींनी वाचली होती, पुढे काय करू नये याचं उदाहरण म्हणून.) चौथं कडवं संपलं आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मितेशभाईंनी कागद उलटला नाही. तो 'हां'च्या गठ्ठ्यावर ठेवला, अगदी जपून, आणि ओरडले, "दशरथकाका, तमे तो कवि नीकळ्या! क्या लिखा है! मला अर्धं समजलं नाय, पण असा होकार कोणी दिला नाय आपल्याला!"

मी उठलो. मागची बाजू वाचा, एवढंच सांगायला उठलो होतो. त्यांना वाटलं सत्कारासाठी उठलो. कोणीतरी पुष्पगुच्छ दिला, कोणीतरी फोटो काढला, मागून एक जण म्हणाला, "काका, दोन शब्द." आणि मी दोन शब्द बोललो. ते होते, 'आभारी आहे'. इथे मी तुला खोटं सांगणार नाही. गर्दी होती, ऐकू येत नव्हतं, असं ममताला सांगता येईल, तुला नाही. मला बोलता आलं असतं. टाळ्या चालू असताना नाही, पण नंतर चहा मिळाला तेव्हा नक्की. मी चहा प्यायलो.

ठराव नऊ खोल्यांनी पास झाला. आमच्या अकरा 'ना'च्या गठ्ठ्यात असत्या तर पडला असता. मी हे गणित तीनदा करून पाहिलं, गणितात मी कच्चा असूनही तिन्ही वेळा तेच आलं.

एक गोष्ट मात्र मी सावधपणे केली. कविता होर्डिंगवर लावायचं ठरलं तेव्हा मितेशभाईंना बाजूला घेऊन म्हटलं, नाव नको. ते गहिवरले. "जुना माणूस छे!" असं बाकीच्यांना म्हणाले. त्यामुळे आता स्टेशनाबाहेर तीस फुटी पाटीवर सूर्यास्त आहे, पहिलं कडवं आहे आणि खाली 'एका ज्येष्ठ स्थानिक लॉजमालकाची रचना' एवढंच आहे. ममता रोज तिच्याखालून येते. परवा भाजीची पिशवी टेबलावर आपटून म्हणाली, "कोण हा रिकामटेकडा म्हातारा, बाबा? अशांनी होकार दिले म्हणून पास झालं. भेटला ना कुठे, तर वरच्या मजल्यावर नेऊन मनोरमाबाईंसमोर उभा करीन, म्हणावं वाच आता इथे." मी म्हटलं, भेटेल कधीतरी. ती म्हणाली, "तुम्ही त्या मीटिंगला होतात ना? कोण होता?" मी म्हटलं, समोसे वाटत होते तेव्हा. (हे उत्तर नव्हे, हे मला कळतं. पण तेवढ्यात दूधवाला आला.)

ममता हातावर हात ठेवून बसणारी नाही. तिने नियमावलीतून एक कलम शोधून काढलं. ज्यांच्याकडे पर्यटक येतच नाहीत त्यांना सूट. मागच्या तीन वर्षांचं रजिस्टर दाखवायचं, 'येण्याचं कारण' या रकान्यात एकही पर्यटक नसला तर आकारणी माफ. गुरुवारी सुनावणी आहे. काल दिवसभर ती आणि मी रजिस्टर चाळत बसलो. लग्न, परीक्षा, उपचार, व्यवसाय, उपचार, उपचार. वाचता वाचता वाटलं, एवढी माणसं आपल्या छताखाली झोपून गेली आणि एकानेही सूर्यास्ताची चौकशी केली नाही. सूट मिळाली तर वरचा मजला राहील, मनोरमाबाईंचा चहा राहील आणि होर्डिंगवरच्या म्हाताऱ्याची चौकशी थंड पडेल. तेव्हा काळजीचं असं काही नाही. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. मिरजेला पाऊसपाणी कसं आहे ते लिही. उत्तराची घाई नाही.

तुझा,
दशरथ

ता. क. उत्तराची घाई आहे. गुरुवारच्या आत हवं. काल रजिस्टर चाळताना डिसेंबरच्या पानावर ममता थांबली. खोली नंबर सात, चार रात्री, आत्माराम, मुक्काम मिरज. येण्याचं कारण: 'पर्यटन. समुद्र, किल्ला व बालपणीची स्थळे.' बाबा रे, तीन वर्षांत एकच पर्यटक सापडला आणि तो तू! एवढं लांबलचक लिहायला तुला कोणी सांगितलं होतं? (माझ्या घरी, इंद्रलोकला उतरला असतास तर प्रश्नच नव्हता, पण तुझ्या घोरण्याविषयी वहिनींनी आधीच फोन करून इशारा दिला होता.) सोबत एक कागद जोडलाय. मी प्रत्यक्षात उपचारासाठी आलो होतो, रकाना भरताना चूक झाली, असं त्यात लिहिलंय. आजाराची जागा मोकळी ठेवलीय. गुडघा, मूळव्याध किंवा हर्निया, तुला शोभेल तो घाल. गुडघा घातलास तर खोटंही होणार नाही, किल्ल्याच्या चढावर तू बारा वेळा बसला होतास. सही स्पष्ट कर आणि कुरियरनेच पाठव.

आणखी ता. क. तू समुद्रासाठी आला नव्हतास, हे मला माहीत आहे. खोली घेताना पाहुणा भरतो तो फॉर्म मी नीट पाहिला. नातेवाईक या कारणाला रकाना आहे, लग्नकार्याला आहे. मित्राला नाही. म्हणून तू पर्यटन लिहिलंस. हे सुनावणीत सांगावं का, असं ममताला विचारलं. तिने रजिस्टरचं ते पान उलटलं आणि म्हणाली, "बाबा, गुडघाच लिहायला सांगा."

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मला वाटलं कुरियरवाला गोडाऊन बघायला आला. तो नाही. एक बाई आहेत, पन्नाशीच्या, डोक्यावर गवताची टोपी, दोन बॅगा, गळ्यात दुर्बीण. जळगावहून आल्यात, एकट्या, मुलांची लग्नं उरकली, आता फिरायचं ठरवलंय म्हणतात. भाचीने स्टेशनाबाहेरच्या पाटीचा फोटो पाठवला होता, तो वाचून तिकीट काढलं, आणि खाली लॉजमालक लिहिलंय म्हणून एकेका लॉजमध्ये विचारत इथवर आल्यात. चार दिवस खोली हवी. ममताने रजिस्टर उघडलंय, पेन उचललंय, 'येण्याचं कारण' या रकान्यावर ते थांबलंय आणि ती माझ्याकडे बघतेय. मी लिहिण्यात गढल्यासारखं दाखवतोय. बाई मात्र उंबऱ्यातच उभ्या राहून, डोळे मिटून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतायत:

पश्चिम वारा येई हलके, होड्या पाण्यावरती डुलती
पांढऱ्या मिठाच्या राशींवरती ऊनसावल्या हसती-खुलती

आत्माराम, 'पांढऱ्या' नाही. 'शुभ्र' आहे. 'शुभ्र मिठाच्या राशींवरती.' दोन मात्रा जास्त होतायत, ओळ पार लंगडतेय, आणि बाई ती पुन्हा म्हणतायत.

मी उठतोय.