येते म्हणाले

४ सप्टेंबर
आले एकदाची. खोली चौथ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की बॅग पुढे आणि मी मागून ढकलत. भिंती हातभर जाड, खिडकीतून नुसती कौलं. सगळं शहरच म्हातारं, आणि मी त्याची डागडुजी शिकायला आलेय! रडू येत होतं, पण आधी कपडे धुऊन वाळत घातले.

५ सप्टेंबर
बाई भेटल्या – आमच्या शिक्षिका. पहिल्याच वाक्यात धाक. "पहिला महिना परीक्षेचा. काम जमलं नाही तर घरी." जुन्या सभागृहाचं छत आहे, त्यावर गिलाव्याची फुलं, बरीचशी सुटलेली. एकेका फुलाला दोघं. माझा जोडीदार इथलाच, ताडमाड, मान ही एवढी. मी मनातल्या मनात त्याचं नाव शहामृग ठेवलंय. त्याचाही परीक्षेचाच महिना.
परत पाठवलं तर? निरोपाला अख्खी गल्ली आली होती. कुठल्या तोंडाने जाणार?

८ सप्टेंबर
मान धरली, वर बघून बघून. भाषा निम्मी कळते, निम्मी डोक्यावरून जाते.

११ सप्टेंबर
मेले!
मी सुईने फुलामागे डिंक भरला, शहामृगाने फूल तळव्याने दाबून धरलं. डिंक धरेपर्यंत खालून टेकू द्यावा लागतो. तेवढ्यात माझ्या भाषेच्या तासाची वेळ झाली. शिडीवर पाय ठेवला तर तो तोंडावरच्या फडक्यातून काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, निरोप घेतोय. मी त्यांच्या भाषेत म्हणाले, "येते," आणि गेले.
परतले तर फूल खाली. तीन पाकळ्यांचा चुरा. तो म्हणे विचारत होता, "टेकू आणतेस ना?" आणि मी म्हणाले येते! तो वाट बघत राहिला, हात बधिर झाला, सुटला.

१२ सप्टेंबर
बाईंच्या खोलीत. जे होतं ते सांगून टाकलं. आमच्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत, बरं वाटत नाही कानाला. "येते" म्हणायचं. बाईंनी बोटांतली पेन्सिल खाली ठेवली.
"मग जो खरंच येणार असतो, तो काय म्हणतो?"
"तोही येतोच म्हणतो."
"आणि तुम्हाला कळतं?"
कळतं हो! पण कसं, ते काही केल्या सांगता येईना. शहामृग शेजारी उभा, नजर स्वतःच्या बुटांवर. मी म्हटलं, चूक माझी आहे. निर्णय पंधरा तारखेला.

१३ सप्टेंबर
आईला फोन. ती उलट माझ्यावरच. "मग काय, शिडी उतरताना जाते म्हणणार होतीस? काहीतरीच तुझं." मग आवाज उतरला. "परत पाठवतील का गं?"
मी म्हटलं, छे. फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं. भीती वाटते, खूप वाटते. शहामृगाची मात्र दया येते, बिचारा हात वर करून उभा राहिला. त्याच्या दंडाला मलम घेऊन गेले तर "नको, नको" करत मागेच सरकला. रागावला असणार.

१४ सप्टेंबर
बॅग काढली. पुन्हा पलंगाखाली ढकलली.

१५ सप्टेंबर, सकाळ
राहिले! बाई म्हणाल्या, "चूक मोठी होती. पण तू ती दुसऱ्यावर ढकलली नाहीस." आणखीही काही म्हणाल्या, मला ऐकूच आलं नाही. आईला कळवलं. ती रडली, मग जेवलीस का विचारलं.

१५ सप्टेंबर, दुपार
शहामृगाने जिन्याखाली गाठलं. म्हणाला, "तू दाराबाहेर पडलीस आणि लगेच मला खोकला आला. हात निसटला. मी तुझी वाट पाहिलीच नव्हती." चार दिवस जिवाचं पाणी झालं माझ्या, आणि हा शेजारी उभा! ओरडायचं होतं, त्यांच्या भाषेत शब्द सापडेनात. एवढंच म्हटलं, "बाई वर आहेत. तूच सांग."
गेला. मी पायरीवर बसून हे लिहितेय. तो अजून आतच आहे.