अडतीसवरचं भोक

३ फेब्रु.
यशवंतपूरच्या लोखंडकामाच्या शेडमध्ये ट्रेनी म्हणून तिसरा महिना. दिवसा इथे, संध्याकाळी कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा क्लास. महिनाअखेर साहेब ठरवणार, ठेवायचं की घरी पाठवायचं. तिशी उलटली माझी, क्लासातली पोरं आंटी म्हणतात. अप्पा मात्र गल्लीभर सांगत सुटलेत, "आमची वैशाली डिझायनर."
आज लोखंडी पट्टीचं ड्रॉइंग. भोक कडेपासून चाळीस मिलिमीटरवर हवं, माझं अडतीसवर पडलं. साहेब डोक्यावर उभे, "झालं का? झालं का?" घाबरून भोक सरकवलंच नाही, नुसता आकडा खोडून ४० टाईप केला. क्लासात सगळेच करतात. प्रिंटवर कुणाला कळतंय!

५ फेब्रु.
क्लासात सर सहज म्हणाले, "मशीन आकडे वाचत नाही हं. चित्रात भोक जिथे, तिथेच पाडणार." माझी फाइल कालच मशीनवर गेलीय. देवा, अजून सुरू केलं नसू दे.

६ फेब्रु.
केलं. साठच्या साठ पट्ट्या, एक बसेल तर शपथ. साहेबांनी प्रिंट बघितला, चाळीस. पट्टी मोजली, अडतीस. मग काय, मशीनवरच्या शिवण्णांवर तुटून पडले, "पट्टी नीट टेकवता येत नाही? वीस वर्षं काय केलंत?" ते आपले "नीटच लावली होती सार" एवढंच. मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले. नालायक मेली.

७ फेब्रु.
साहेब शिवण्णांना एक तारखेपासून येऊ नका म्हणालेत. आणि मला, "तुझं ड्रॉइंग चोख होतं, तू पक्की." घरी सांगून बसले, का सांगितलं कोण जाणे.
दुपारी शिवण्णांनी रोजच्यासारखा चित्रान्न, त्यांचा कानडी लिंबूभात, माझ्या डब्याच्या झाकणात वाढला. "डोळे गेले वाटतं माझे, अम्मा. सोमवारी साहेब यायच्या आत स्वल्प, जरा ती फाइल दाखवता? मनाची खात्री." मी म्हटलं, सरी अण्णा, दाखवते.

९ फेब्रु., सकाळी, ऑफिसात
लवकर आले. फाइल उघडली, अंतर मोजलं. अडतीस. भोक चाळीसवर सरकवायला अर्धं मिनिट, मग ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही. काल अप्पा पेढे वाटूनसुद्धा आले.
साहेब साडेनऊला येतात. सव्वानऊ झाले. फाइल अजून तशीच.
शिवण्णा दारात चपला काढतायत. चष्मा पुसून घेतला, माझ्याकडे बघून हसले.