मात, भात आणि गाजराचा रस

तीर्थरूप भाऊजींस,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहिण्यापुरतं नाही. खरोखर वाकलो, पाठीतून आवाज आला.) आपली प्रकृती उत्तम असणारच, कारण ती उत्तम नसल्याचं आपण आजवर कधी कबूल केलेलं नाही. ताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नकोस, आणि चढलीसच तर भाऊजींना काही विसरलं म्हणून परत खाली उतरू नकोस. आमच्याकडे सगळं ठीक. ही बरी आहे, म्हणजे माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे. माझा रंगही बराचसा मूळपदावर आला आहे. रंगाचं काय झालं होतं ते सांगण्यासाठीच हे पत्र, असं समजा.

आपण पाठवलेल्या डोळ्यांच्या गोळ्यांच्या बाटलीबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. त्याला कारण घडत गेलेल्या गोष्टी. आपल्याला ठाऊकच आहे, की नोकरी संपल्यापासून 'तुमच्यावाचून अडलंय' असं मला कुणी म्हणावं अशी जगात एकच जागा उरली आहे, ती म्हणजे आमच्या नाट्यमंडळाची डावी विंग. तिथे स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन मी प्रॉम्प्टिंग करतो. नट अडला की वाक्याची सुरुवात कुजबुजायची, एवढंच काम. पण त्या कुजबुजीवर अख्खं नाटक तरतं. त्यात आमचा नायक विमा एजंट. एरवी दारात उभा राहिला तर समोरच्याला श्वास घेऊ देत नाही, आणि रंगमंचावर पाय ठेवला की त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. म्हणजे त्याचं सगळं पाठांतर माझ्या डोळ्यांवर अवलंबून.

तर एका तालमीत, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, नायक कारखानदारापुढे छाती काढून उभा राहिला आणि अडला. मी वाक्य दिलं. त्यानं ते खणखणीत आवाजात उचललं: "लक्षात ठेव, मी तुझ्यावर भात करीन!" शिवाय मूठ वळून एक पाऊल पुढेही टाकलं. क्षणभर कुणीच हसलं नाही, कारण आवेश अगदी बरोबर होता. मग दिवे सांभाळणारा शिडीवरून उतरून खाली बसला आणि पोट धरून लोळायला लागला. संहितेत 'मात' होतं. आता भाऊजी, 'म' आणि 'भ' यांच्यात फरक तो काय? वरच्या रेघेला एक बारीकशी फट आणि एक गाठ. एवढ्यावरून माणसाला धारेवर धरतात का? पण आमच्या दिग्दर्शिका बाईंनी धरलं. मी आधी विंगेतल्या दिव्याला दोष दिला. दिवा बदलला. मग लेखकाच्या अक्षराला दोष दिला. (संहिता छापील होती, हे हिनं घरी लक्षात आणून दिलं.) शेवटी आपल्याला फोन केला.

आपण नेहमीप्रमाणे मला तासभर बोलू दिलं नाही. डोळा हा खाण्यावर चालतो, चष्मेवाले आणि डॉक्टर यांचं आतून संगनमत असतं, योग्य आहार आणि योग्य गोळी एवढं असलं की माणूस शंभरीतही सुईत दोरा ओवतो, हे सगळं आपण सांगितलंत आणि आठवड्याच्या आत बाटली आली, बरोबर चार पानी पत्रक. मी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून (मूठ टेबलाच्या कडेबाहेर पडली, ते जाऊ द्या) जाहीर केलं की डॉक्टरची पायरी न चढता महिनाभरात मी 'म' आणि 'भ' वेगळे करून दाखवीन.

निर्धार म्हणजे काय असतो ते मग आमच्या घरानं पाहिलं. सकाळी गाजराचा रस. दुपारी पालक. संध्याकाळी उकडलेली अंडी, त्यातला पिवळा भाग माझा आणि पांढरा हिचा, कारण पत्रकात पिवळ्याचीच स्तुती होती. मधल्या वेळेला मका. पिशवीभर गाजरं संपली की दुसरी पिशवी. ही आधी कौतुकानं किसून देत होती, मग नुसतीच पुढ्यात टाकायला लागली, आणि एक दिवस म्हणाली, "यापेक्षा ससा पाळला असता तर निदान कुरवाळता तरी आला असता." मी उत्तर दिलं नाही. तोंडात गाजर होतं.

गोळ्यांचं निराळंच. आपली बाटली होतीच. औषधाच्या दुकानदारानं तिच्या जोडीला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या, शेजारच्या मास्तरीणबाईंनी कुठल्याशा जांभळ्या फळांची भुकटी दिली. आता गंमत बघा, डोळ्यांच्या गोळ्या ज्यांना लागतात त्यांना दिसत नाही, हे त्या बनवणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नाही. बाटलीवरची अक्षरं मुंगीनं मुंगीसाठी लिहिल्यासारखी. मी अंदाजानं, आकारावरून ओळखून घ्यायचो. त्यात हिच्या केसगळतीच्या गोळ्याही तशाच आकाराच्या निघाल्या. नजर होती तिथेच राहिली, पण न्हाव्यानं माझ्या कानांकडे बघून "काका, यांचंही करायचं का?" असं विचारलं, तेव्हा घोटाळा उघड झाला. माशाच्या तेलाचा त्रास मला नाही, नायिकेला झाला. तिचा विरहाचा प्रवेश नेमका डाव्या विंगेकडे तोंड करून. मी वाक्य कुजबुजलो की ती नाकाला पदर लावायची. प्रेक्षकांना वाटलं असतं रडते आहे, म्हणून बाईंनी ते तसंच ठेवलं.

मग मी पिवळा झालो. मला स्वतःला ते कळलं नाही, कारण मला सगळं जगच तेव्हा तसं दिसत होतं. तालमीत चहाचा कप पुढे केला, तर नाटकात बापाचं काम करणारे आमचे निवृत्त हेडमास्तर माझा तळहात बघून ओरडले, "कावीळ!" पाहता पाहता सगळ्यांनी खुर्च्या सरकवून माझ्याभोवती मैदान मोकळं केलं. घरी हिनं मला खिडकीशी उभं करून डोळे ताणून पाहिले. पांढरं तेवढं पांढरंच होतं. पिवळे होते ते हात, पाय आणि नाक. "कावीळ नाही," ती म्हणाली, "तुमचं गाजर झालंय." त्या दिवसापासून घरात गाजर बंद. मी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे उभ्यानं प्यायला लागलो. माघार घ्यायची नाही म्हणजे नाही.

अशा तयारीनिशी प्रयोगाचा दिवस उजाडला. नाट्यगृह भरलेलं. तिसऱ्या अंकात परागंदा मुलगा घरी परततो, म्हाताऱ्या बापापुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, "बाबा, आता तुमचा भार मी घेईन." नाटकातलं सगळ्यात हळवं वाक्य. नायकानं गुडघे टेकले. बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी संहिता दिव्याशी नेली, लांब धरली, जवळ धरली, तिरकी केली, आणि दिलं वाक्य. नायक सद्गदित होऊन म्हणाला, "बाबा, आता तुमचा मार मी घेईन." हेडमास्तरांची हयात शाळेत गेलेली. समोर पोरगा गुडघ्यावर, आणि मार मागतोय. त्यांचा हात त्यांच्याही नकळत उठला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यानंतरच्या मरणाच्या प्रवेशातही लोक हसत होते, आणि हेडमास्तर मरता मरता नायकाच्या गालाकडे बघून "फार लागलं का?" असं विचारत होते.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिका बाई माझ्या स्टुलाशी आल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "काका, महिनाअखेरीला दुसरा प्रयोग आहे. तोपर्यंत डोळे दाखवून या. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." भाऊजी, मी संहिता पिशवीत घातली आणि सरळ घरी न जाता बराच वेळ चालत राहिलो. आपल्याला म्हणून सांगतो, मला डॉक्टरांची भीती वाटत नव्हती. त्यांनी दिवा डोळ्यात मारून 'उशीर झाला' म्हटलं तर काय, याची वाटत होती. गाजर खाताना निदान काहीतरी चाललंय असं वाटतं. घरी पोचलो तर ही दारातच उभी होती. म्हणाली, "उद्याची वेळ घेतली आहे. मी बरोबर येतेय. गाजर आणू नका."

डोळ्यांच्या डॉक्टर आपल्या धाकटीच्या वयाच्या. मी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या आणि दिनक्रम सांगितला. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही (आपल्या घराण्यात अशी सवय नाही, त्यामुळे मी बावचळलो). थेंब घातले, आत दिवा टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात चांगलाच पिकलाय."

"मग गाजर वाढवू का?"

"काका, पालेभाज्या खा, फळं खा, अंडी खा, मासे खा. डोळ्यांना चांगलंच आहे ते. पण आतलं भिंग एकदा गढूळ झालं की जेवून निवळत नाही. ते बदलावं लागतं."

"आणि गोळ्या?"

"त्यांनीही मोतीबिंदू विरघळत नाही." मग माझ्या हाताकडे बघून जराशा हसल्या. "हा रंग मात्र जाईल हळूहळू. रस थांबवा."

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी हिला निरोपाचं बरंच काही सांगायच्या तयारीत होतो, पण तिचं वाचनालयातलं मासिक चाळून व्हायच्या आत मी बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. भाऊजी, निळा रंग असा असतो हे मी विसरूनच गेलो होतो. मी हौसेनं निवडलेला बैठकीच्या खोलीचा रंग मला वाटत होता तसा सायीचा नाही, फिकट हिरवा आहे, आणि ही चार वर्षं तो निमूटपणे सोसते आहे. हिच्या कपाळावर एक बारीक वण आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा. तो मला परत दिसला. मी बराच वेळ बघत राहिलो, तर म्हणाली, "काय वाचताय? तिथे काही लिहिलेलं नाही."

दुसऱ्या प्रयोगाला मी स्टुलावर बसलो तेव्हा संहितेतला प्रत्येक 'भ' ओळीतून उठून मला नमस्कार करत होता. आता नायकानं अडावं आणि मी दाखवून द्यावं. पहिला अंक गेला, अडला नाही. दुसऱ्यात 'मात' असं म्हणाला की कारखानदार दचकला. तिसऱ्यात गुडघे टेकले, मी पुढे सरसावलो, आणि पठ्ठ्यानं सबंध उतारा माझ्याकडे न बघता म्हटला. हेडमास्तर रडले, प्रेक्षक रडले. एकही नट एकाही वाक्याला अडला नाही. नंतर कळलं, की गेला महिनाभर सगळी मंडळी रोज एकमेकांच्या घरी जमून पाठांतर करत होती, कारण माझ्या भरवशावर उभं राहायची कुणाचीच छाती नव्हती. बाई म्हणाल्या, "काका, नाटक इतकं घटवून घेणारा प्रॉम्प्टर मला दुसरा मिळायचा नाही." जागा राहिली. डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात.

असो. फार लांबलं. ताईला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद, आणि आपल्याला पुन्हा एकदा वाकून (या खेपेला भिंतीला धरून).

आपला,
बराचसा गोरा झालेला मेव्हणा

ता. क. गाजर घरात परत आलं आहे, पण कोशिंबिरीपुरतं. पालक चालूच. अंड्याचं पिवळं आम्ही वाटून घेतो.

ता. क. दुसरा. डॉक्टरांकडचं बोलणं मी वर अर्धंच लिहिलं. मी त्यांना शेवटी विचारलं होतं, की मग या गोळ्या लागतात तरी कुणाला? त्या म्हणाल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा एक आजार असतो, त्याच्या एका टप्प्यावर ठरावीक गोळ्या देतात, त्यानं तो पुढे सरकायचा वेग कमी होतो. त्यांनी आपली बाटली उचलून लेबल वाचलं आणि विचारलं, "सिगारेट ओढता?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "यात गाजरातलं द्रव्य भरपूर आहे. ओढणाऱ्यांनी अशी गोळी घ्यायची नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो." भाऊजी, आपण गच्चीवर ओढता हे ताईला माहीत नाही, असं फक्त आपल्यालाच वाटतं. आणि आपणही हीच बाटली घेता.

ता. क. तिसरा. परवा ताईनं फोनवर हसत हसत सांगितलं, की स्वयंपाकघराची चौकट वाकली म्हणून आपण सुताराला बोलावलंत, त्यानं मोजून सरळ आहे म्हणून दाखवली, तर आपण त्याचं मोजायचं साधनच वाकडं ठरवून त्याला हाकलून दिलंत. आणि हल्ली वर्तमानपत्र तिलाच वाचायला लावता, शब्दाचा मधलाच भाग छपाईत उडतो म्हणता. मी हे डॉक्टरांना गंमत म्हणून सांगायला गेलो. त्या हसल्या नाहीत. सरळ रेघ वाकडी दिसणं म्हणजे चौकट नव्हे, तो पडदा असू शकतो, म्हणाल्या, आणि हे लगेच बघायचं असतं, लगेच बघितलं तर नजर वाचू शकते. काल मी आपल्याला तीनदा फोन केला. 'डॉक्टर' एवढं ऐकलंत की आपण ठेवलात. ताई म्हणाली, त्यांना पत्र लिही. तुझी फजिती असली की ते शेवटपर्यंत ऐकतात.

ता. क. चौथा, आणि हा ताईसाठी, कारण वाचते आहेस तूच. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते मी आत्ताच तुझ्या दाराखालून सरकवलं. बेल वाजवली नाही, कारण भाऊजींशी वादात मी आयुष्यात एकदाही जिंकलेलो नाही, आणि आत आलो असतो तर आजही हरलो असतो. मी खाली गाडीत बसलो आहे. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली आहे. ती बाटली पिशवीत टाक, त्यांना लेबल बघायचं आहे. भाऊजींना चपला घालून खाली आण. ते आले नाहीत तर मी हॉर्न दाबून धरणार आहे, आणि कुणी कितीही बाहेर येऊन बोललं तरी सोडणार नाही.