रीडिंगला बँड का येत नाहीत

३ मार्च, मंगळवार

संध्याकाळी फोल्करचा फोन. ‘नासं झोकन’ एप्रिलमध्ये इंग्लंडला येतायत. शेवटचा दौरा, त्यानंतर बँड बंद. इथे एकच शो, १८ तारखेला. मिल्टन कीन्सला.

रीडिंगला नाही. दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाला, आणि मग माझ्या सायकलच्या टायरची चौकशी करायला लागला.

राग आला तरी मुद्देसूद लिहिता आलं पाहिजे. म्हणून लिहितो. नासं झोकन म्हणजे ओले मोजे. कासेलचा पंक बँड, तिघं जण. तिकडे पन्नास माणसांच्या खोलीत वाजवतात, इकडे चाळीसच्या. फोल्करही कासेलचा. रीडिंगला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकण्याआधी तो हायकेबरोबर गिटार वाजवायचा. हायके म्हणजे त्यांची गाणारी. पबच्या वरच्या खोलीत गेली अकरा वर्षं जर्मन बँड्सचे शो कोण ठेवतं? फोल्कर आणि मी. तो बँड आणतो, बाकी सगळं मी. साउंड मी करतो. स्वतः शिकलो, मॅन्युअल वाचून. जर्मनही स्वतः शिकलो, लायब्ररीतल्या सीडीवरून. ऑफिसातल्या डिग्रीवाल्यांना अजून धड इंग्लिश ईमेल लिहिता येत नाही.

आणि बँड उतरतो कुणाकडे? या सीनमध्ये हॉटेल नसतं. शो ठेवणाऱ्याच्या घरी झोपायचं, त्याच्याच घरी सकाळी खायचं. नासं झोकन आमच्याकडे तीनदा राहिलेत. माझ्या बायकोचे, सुनीतीचे पोहे खाल्लेत, वरून खोबरं मागून घेतलंय.

मिल्टन कीन्सला काय आहे? राउंडअबाउट. आणि मंजिरी. ही मंजिरी आमच्या शोला दारात बसून लोकांच्या हातावर शिक्के मारायची. मिक्सरवरचं कुठलं बटण कशाचं, ते मी शिकवलं तिला. मग आयटीतल्या नोकरीसाठी तिकडे गेली आणि आता स्वतःच शो ठेवते. सकाळी बँडला सुपरमार्केटातले क्रोसाँ देते म्हणे.

फोल्करशी बोलणं बंद. तो माफी मागेपर्यंत.

५ मार्च, गुरुवार

रीडिंगला बँड येईनासे का झाले याचा शांतपणे विचार केला. ब्रेक्झिट. व्हॅनची कागदपत्रं. एम-फोरचा ट्रॅफिक. दोन वर्षांत फक्त तीन बँड आले, त्यांतला एक इथलाच. कारणं उघड आहेत.

सुनीतीला हे समजावून सांगितलं. तिने विचारलं, मागच्या वेळी ब्रेकफास्टला तू टिमोला काय काय बोललास, आठवतंय का.

न आठवायला काय झालं? टिमो त्यांचा ड्रमर. दुसऱ्या गाण्यापासून टेम्पो पळवत नेतो. हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि माझ्याइतकं लक्षपूर्वक ऐकलेलं कुणी नव्हतं. एकेक गाणं घेतलं. टेबलावर चमच्याने वाजवून दाखवलं. नवव्या गाण्याला तो बाथरूमला गेला. मी थांबलो. बराच वेळ लागला त्याला. आल्यावर पुन्हा नवव्यापासूनच सुरू केलं, काही सुटायला नको. सगळं झाल्यावर तो माझा हात हातात घेऊन बराच वेळ गप्प बसला. असं कौतुक शब्दांत करता येत नाही.

सुनीती म्हणाली, पाहुणे असतात ते. मी म्हटलं, म्हणूनच फुकट सांगतो.

८ मार्च, रविवार

सायकलची चेन तुटली. गावात दुसरं दुकान आहे, पण ते चेन घट्ट बसवतात. नाइलाजाने फोल्करकडे गेलो. बोलायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. ते नीट कळावं म्हणून त्याला आधी सगळी कारणं सांगावी लागली. तासभर गेला. तो चेन बसवत हूं हूं करत होता. शेवटी म्हणाला, १८ला माझ्याबरोबर चल मिल्टन कीन्सला, शेवटचा शो आहे त्यांचा.

मी विचारलं, माफी?

तो म्हणाला, कसली?

याला म्हणतात निगरगट्टपणा. चेन मात्र उत्तम बसवलीय.

१४ मार्च, शनिवार

ठरलं. १८ एप्रिललाच रीडिंगला शो ठेवणार. त्याच वेळी. पबमध्ये जाऊन वरची खोली बुक केली. मॅनेजरने विचारलं, फोल्कर असणार ना? म्हटलं, या वेळी शो नीट होणार आहे. त्याला कळलं नसावं. तो पुन्हा विचारत राहिला, पण फोल्कर असणार ना?

जर्मनीतून बँड आणायचा. लोक दोन्ही गावांचे फोटो बघतील आणि मग बोलतील. मिल्टन कीन्सला रेडवे म्हणतात त्या सायकलरस्त्यांवरून सातआठ लोक येतील, बास.

२२ मार्च, रविवार

सहा बँड्सना फोन केले. सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी काम आहे. एकाच्या मावशीचं लग्न. एकाने मधेच फोन ठेवला, लाइन खराब असणार. एकीने मात्र दोनदा विचारलं, झोपायची सोय कुठे? अभिमानाने सांगितलं, आमच्याकडेच. त्यावर तिलाही काम आठवलं.

जर्मनीतले सगळे पंक एकाच शनिवारी कामाला लागलेत. तिथली अर्थव्यवस्था सुधारत असावी.

जेवताना अक्षरा म्हणाली, ती आणि तिची मैत्रीण दिया वाजवतील. अक्षरा बेस, दिया ड्रम्स. माझी मुलगी, इथेच जन्मलेली, म्हणाली: “बाबा, आमची शो चांगली होईल. पण नेक्स्ट मॉर्निंग मी दियाकडे. ब्रेकफास्टला नाही मी.”

तो शो, चांगला, असं लगेच सुधारून दिलं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ लागला नाही. मुलं सकाळी उशिरा उठतात, तसं काही असेल.

४ एप्रिल, शनिवार

पोस्टर मीच केलं. मंजिरीच्या पोस्टरवर बँडचं नाव वाकडं छापलंय आणि ते वाकडं मुद्दाम आहे म्हणे. माझं मोजपट्टी लावून केलेलं आहे. वेळ स्पष्ट: आठला सुरू म्हणजे आठला सुरू. खाली सूचनाही दिली: साउंडचेक चालू असताना बोलू नये.

पोस्टर घेऊन फोल्करच्या दुकानात गेलो, पण बोललो नाही. त्याने पोस्टर काचेवर लावलं. मंजिरीचं खाली होतं, ते त्याने वर केलं. मी बघत राहिलो, तेव्हा खाली केलं. मग दोन्ही एका ओळीत लावली. हा माणूस कुठल्याच गोष्टीत बाजू घेत नाही. अकरा वर्षांत एकदा तरी म्हणावं, इंद्रजित बरोबर आहे.

११ एप्रिल, शनिवार

तिकिटं सहा गेली. त्यातली दोन मराठी मंडळातल्या कमलाकर आणि सुमन यांची. त्यांचा समज आहे की जेवण आहे.

दुपारी फोल्कर घरी आला. पहिल्यांदाच आधी फोन न करता. सुनीतीने चहा केला. तो म्हणाला, शो पुढे ढकल, दोघं जाऊ या. पुन्हा ते तिघं एकत्र दिसायचे नाहीत. हायकेची आई आजारी आहे, टिमोला बाळ झालंय, संपलं सगळं.

मी म्हटलं, त्यांना रीडिंग नको असेल तर मला ते नकोत.

तो काहीतरी बोलणार होता. सुनीती त्याच्याकडे बघत होती. मग त्याने कप खाली ठेवला आणि ठीक आहे म्हणाला. दोघांचं काहीतरी शिजतंय. घरातसुद्धा मी एकटाच तत्त्वाने वागतो.

१८ एप्रिल, शनिवार, दुपारी ३

साउंडचेक अप्रतिम. बेस इतका स्वच्छ मी कुठे ऐकला नाही. अक्षराने विचारलं, लोक कधी येतील. म्हटलं, लोक चांगल्या साउंडच्या मागे येतात.

मिल्टन कीन्सला आत्ता मंजिरी माइक शोधत असेल.

१९ एप्रिल, रविवार, सकाळी ६

झोप नाही. लिहून टाकतो.

आठला खोलीत सुनीती, कमलाकर, सुमन आणि बारवरचा मुलगा. तत्त्व म्हणून आठलाच सुरू केलं. तिसऱ्या गाण्यानंतर कमलाकर जेवणाचं विचारून गेले, सुमनवहिनी कानात बोटं घालून त्यांच्या मागोमाग. दिया चिडली होती. अक्षरा माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

चौथ्या गाण्याला दार उघडलं आणि फोल्कर आत आला. सायकलचं हेल्मेट हातात. पुढे जाऊन उभा राहिला, एकटा, अगदी स्टेजसमोर, आणि शेवटपर्यंत दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत राहिला. पोरींनी मग जीव तोडून वाजवलं. खरंच चांगलं वाजवलं. टेम्पो दोनदा घसरला, पण ते असो.

पोरी आणि सुनीती खाली गेल्यावर आम्ही केबल गुंडाळत होतो. विचारलं, तू मिल्टन कीन्सला का नाहीस? म्हणाला, तू इथे एकटा असतास.

मला ते दयेसारखं लागलं. म्हटलं, दया नको, मला एवढंच सांग, त्या लोकांनी रीडिंगचा अपमान का केला. माझ्या हातचं खाऊन. माझ्याकडून एवढं शिकून. आणखीही बरंच म्हटलं. अकरा वर्षांचं म्हटलं.

फोल्करचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

“त्यांनी रीडिंगच मागितलं होतं. फक्त रात्री माझ्याकडे झोपतो म्हणाले, सकाळी तुझ्या टेबलावर नको. मी सांगितलं, इंद्रच्या घरी नाही तर रीडिंगला नाही.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, हळू. टिमो त्या सकाळनंतर महिनाभर ड्रम्सवर बसला नव्हता. मी विचारलं, आणि बाकीचे बँड? तो केबल गुंडाळत राहिला. चुकीची गुंडाळत होता, कोपरावरून.

म्हटलं, मग मला सांगायचं होतंस.

“कधी? तू थांबलास तर सांगणार ना.”

मग तो सायकलवरून घरी गेला.

सकाळी ६.४०

सगळ्यांचा राग आलाय. टिमोचा, कारण त्याचा टेम्पो खरोखरच पळतो, ते मी आजही लिहून देईन. सुनीतीचा, कारण तिला ठाऊक होतं. रात्री विचारलं तर म्हणाली, मी तुला दर वेळी सांगत होते. फोल्करचा सगळ्यात जास्त. स्वतःच्या गावच्या माणसांना परत पाठवलं, दोन वर्षं बँड परत पाठवले, आणि काल त्यांचा शेवटचा शो सोडून कमलाकरांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहिला. असं कुणी वागतं का? निदान विचारायचं तरी मला.

बँड मिल्टन कीन्सहून अकराला निघणार, हार्विचला फेरीबोट पकडायला. फोल्करकडे गाडी नाही. माझ्याकडे आहे.

त्याला फोन केला. म्हटलं, पंधरा मिनिटांत खाली ये. हे त्याच्यासाठी करतोय, टिमोसाठी नाही. मी मंजिरीच्या घरात पाऊल ठेवणार नाही. गाडीत बसेन.

१९ एप्रिल, संध्याकाळ

मिल्टन कीन्समध्ये तीनदा चुकलो. राउंडअबाउटना नंबर आहेत, पण त्यात काही सुसूत्रता नाही. फोल्करला हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मंजिरीच्या दारात हायकेने त्याला बघितलं आणि दोघं एकमेकांना धरून इतका वेळ उभे राहिले की मी गाडीतली कागदपत्रं आवरायला घेतली. मग ते आत गेले.

थोड्या वेळाने मंजिरी बाहेर आली. काचेवर टकटक केली. “दादा, आत या. चहा झालाय. तुम्हाला बाहेर ठेवून मला तो गोड लागणार नाही.”

गेलो. टेबलावर क्रोसाँ, पुठ्ठ्याच्या डब्यात. टिमोने मला बघितलं आणि त्याचा हात कपावरच थांबला. एकच खुर्ची रिकामी होती, त्याच्या समोरची. बसलो. सगळ्यांचं बोलणं बंद झालं. माझ्या टेबलावर आजवर ही शांतता मला लक्ष देऊन ऐकणं वाटत आली होती.

मग टिमोनेच विचारलं. अगदी हळू, परीक्षेला बसल्यासारखा. “इंद्र. काल कसा वाटला शो?”

सवयीने पाठ ताठ झाली. एवढं जर्मन आलं होतं ओठांवर. पण सांगणार काय?

“मी नव्हतो,” म्हटलं. “मी ऐकलाच नाही.”

टिमो हसला. आधी तो, मग हायके, मग सगळेच. मंजिरी तर टेबल धरून. टिमोने जॅमची बाटली माझ्या बाजूला सरकवली आणि बाळाचे फोटो दाखवायला लागला. तीस फोटो होते. सतरावा हललेला होता. छान आहे म्हटलं.

निघताना सगळ्यांनी सामान उचललं. मला बेसचा अँप दिला, सगळ्यात जड. फोल्कर आणि हायके फुटपाथवर काही बोलत होते, मी तिकडे बघितलं नाही. टिमोने माझ्या हातातून अँप घेतला आणि व्हॅनमध्ये कडेला, उभा ठेवला. कडेला ठेवायचा नसतो. मधे, आडवा, गादीला टेकवून. पहिल्याच वळणावर ड्रम्सवर पडणार.

टिमोने दार लावलं. मी हात हलवला.