दाराबाहेरची रामरक्षा

द्वारका, दिल्ली
१२ डिसेंबर १९९९

चि. सुधन्वास, ताईचे आशीर्वाद.

आई मजेत आहे. थंडी कडाक्याची आहे, पण गिझर बसवून घेतलाय. अंघोळीला मात्र ती मला आत येऊ देत नाही. "मी काही तान्ही नाही," म्हणते. शेवटी आमचा तह झाला: तिने कडी लावायची नाही आणि मोठ्याने रामरक्षा म्हणायची. आवाज येतोय तोवर मी बाहेर निर्धास्त. समोरचे फ्लॅट अजून रिकामेच आहेत, त्यामुळे दिवसभरात तिच्याखेरीज दुसरा आवाज नसतो.

मंगळवारी तो मध्येच थांबला. मी दार ढकलून आत धावले. आई स्टुलावर नीट बसली होती, अंगाला साबण तसाच. म्हणाली, "पुढचं काय गं?"

आता रोज मी दाराबाहेरून म्हणते आणि ती आतून माझ्या मागून म्हणते.

फोन तिच्या उशाशीच असतो, म्हणून हे लिहून कळवतेय. तू घाबरू नकोस. मुलांचा खोकला गेला का?

एक कर. दर रविवारी फोनवर तू मुलांसाठी तिला रामरक्षा म्हणायला लावतोस ना, या वेळी मुलांनाच म्हणू दे. जरा सावकाश म्हणा म्हणावं.

तुझी वाट पाहणारी,
ताई