माईकवर ठेवलेला हात

कांचघर, जबलपूर
२९ मार्च २०२५

प्रिय अश्वजीत,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे ठीक. तू, एकता नि जावईबापू बरे असाल. नागपूर तापायला लागलं असेल, बाहेर निघताना डोक्याला दुपट्टा बांधत जा.

फुकटच्या पिक्चरचा खरा हिशेब आधी मांडतो. तिकीट आपल्या वॉर्डाच्या पुढाऱ्याकडून, श्यामसुंदर भैयांकडून. समोसे त्यांच्याकडून. तुझ्या खांद्यावरची शाल नि हातातला नारळ, तेही त्यांच्याकडूनच. माईकसेटचं भाडं मी घेतलं नाही. आणि आपल्या घरातून एक भाऊ वजा. एवढ्यात पडला तो पिक्चर.

तू फोन उचलत नाहीस. एकता सांगते, "मोठे बाबा, पप्पा गच्चीवर गेलेत." भर दुपारी गच्चीवर काय करून राहिला बे तू? पापड वाळवतोस? म्हणून पत्र लिहितो. पत्र मधेच कापता येत नाही.

लताताईचं प्लास्टर निघालं. काठी अजून आहे. नाल्यापाशी आली की थांबते आणि भैयांच्या सात पिढ्यांना नावानिशी हाका मारते. झाकणं कागदावर बसलेली नि ताई पडली ती खऱ्याखुऱ्या नाल्यात. तुझी तक्रार एवढीच होती ना? झाकणांचे पैसे उचलले, झाकणं दाखवा. त्यासाठी एक सुभेदार वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला.

माझा धंदा मस्त चालून राहिला. सायकलच्या कॅरिअरला एक भोंगा बांधून सुरुवात केली होती मी, तू तेव्हा शाळेत होतास. आज कांचघरपासून गोरखपूर मोहल्ल्यापर्यंत स्टेज कोणाचंही असो, आवाज मोतीरामचा असतो. आणि चौदा एप्रिलची आपली मिरवणूक तर दुसऱ्याच्या माईकवर कधी निघाली नाही, नि मी जिवंत आहे तोवर निघणारही नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.

आता पिक्चर. राग येतो मला त्या पिक्चरचा, अश्वजीत, झोपेतसुद्धा येतो. रिटायर फौजी गावात परततो, चेअरमनचा जबडा फोडतो, अख्खं गाव त्याच्या मागे उभं राहतं. शिट्ट्या काय, नाणी काय! आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? श्यामसुंदर भैया. पहिल्या रांगेत बसून. चेअरमन नाल्यात पडला तेव्हा तर उठून उभे राहिले. लाज नावाची वस्तू त्या माणसाला जन्मताना दिलीच नव्हती.

पिक्चरमधल्या फौजीला भाऊ काहून नसतो, मला आत्ता समजलं. असला तरी पहिल्या अर्ध्या तासात मारून टाकतात. भाऊ म्हटला की त्याचं गोदाम आलं, गोदामाची मागची भिंत आली. मग हिरो काय डोंबल जबडा फोडणार?

इंटरव्हलमध्ये तुला स्टेजवर बोलावलं. माजी सैनिकांचा सत्कार. तू भैयांच्या शेजारी बसलास, समोर टेबलावर माईक. निवेदक नावं वाचत होता, म्हणून टेबलाचा माईक मी हॉलसाठी बंद ठेवला होता. भैया तुझ्याकडे वाकले नि त्यांनी माईकवर हात ठेवला. सगळ्या पुढाऱ्यांना वाटतं, माईकवर हात ठेवला की तो बहिरा होतो. हॉलला बंद असलेला माईक माझ्या हेडफोनमध्ये चालूच असतो. या कानांनी मी आजवर किती युत्या नि किती शिव्या ऐकल्यात, मलाच ठाऊक. कधी कोणाला बोललो नाही. धंद्याचा धर्म आहे.

"सूबेदार साहब, पिक्चर बढ़िया है ना? अब अपनी वाली पिक्चर बंद करो."

भैया आणखी जवळ वाकले.

"बड़े भाई का आधा गोदाम नाले की ज़मीन पर है. और बुलडोज़र को पढ़ना-लिखना नहीं आता."

हे मी ऐकलं. तुला वाटत असेल दादाला माहीत नाही. दादाला शब्द न् शब्द माहीत आहे. आणि ते खरंही आहे. मागची भिंत मी नाल्याच्या जागेत सरकवलेली आहे, सगळ्यांनी सरकवली तेव्हा.

मग तू विचारलंस, "मेरे भाई को कुछ नहीं होगा?" ते म्हणाले, "जब तक हम हैं."

कोणी सांगितलं होतं तुला हे विचारायला? मी आलो होतो तुझ्या दारात गोदाम वाचव म्हणून? सीमेवर बर्फात उभा राहिलास नि इथे माझ्या चार पत्र्यांसाठी वाकलास? इतका संताप आला मला, की हात आपोआप बटणाकडे गेला.

इथवर मी पत्रात टाळत आलो. आता लिहितो. ते लाईटवाल्याने केलं नाही, मशीन बिघडलं नव्हतं. टेबलाचा माईक मी उघडला. वाटलं, ऐकू दे जबलपूरला, भैया कसा बोलतो. पण भैयांचं बोलून झालं होतं. माझ्या सगळ्यात चांगल्या स्पीकरवरून, हॉलच्या चारही कोपऱ्यांत, तुझा आवाज गेला: "ठीक है. शिकायत वापस ले लेता हूँ."

फक्त तुझा. धमकी माझ्या कानात राहिली नि शरणागती लोकांच्या.

आणि तो माणूस बघ! एक क्षण दचकला नाही. माईक उचलला, "देखा आपने? फौजी का दिल! ग़लतफ़हमी थी, दूर हो गई!" शाल घातली, टाळ्या पडल्या. ताई काठी टेकत उठली नि सरळ बाहेर गेली. रात्री जेवताना म्हणाली, "अश्वजीत विकला गेला म्हणून राहिले लोक." मी घास गिळला. म्हणालो नाही, की ताई, तो विकला गेला नाही, तो माझी किंमत देत होता. दोन दिवस म्हणालो नाही. तोवर तू गाडीत बसून एकताकडे नागपूरला गेलास.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. तिने काठी उचलली होती, मारली नाही. म्हणाली, "दुनियेचं ऐकत फिरतोस, भावाचं ऐकलं तेव्हा तोंड शिवलं होतं काय?"

आता नीट वाच. मागची भिंत मी पाडली. स्वतः, घण घेऊन, दिवसाउजेडी, सगळ्या मोहल्ल्यासमोर. नाल्याची जागा नाल्याला दिली. उरलेल्यात एक जनरेटर मावतो. स्पीकर घरात आणलेत, ताईच्या खाटेखाली दोन आहेत, ती म्हणते, मी मेले तर घोषणा करायला सोयीचे. बुलडोझरला आता इथे काही काम नाही. भैयांच्या हातात तुझ्याविरुद्ध काही उरलं नाही.

तक्रार अजून जिवंत आहे. मागे घेण्याच्या कागदावर तू सही केली नाहीस, मी चौकशी केली. आठ एप्रिलला, मंगळवारी, सुनावणी आहे. तू आला नाहीस तर फाईल बंद. मी जे ऐकलं ते लिहून दिलंय, माझ्या नावाने, आणि साहेबांसमोर तोंडानेही सांगणार आहे. ताई येणार आहे, काठीसकट. पण तक्रारदार तू आहेस. आमच्या दोघांकडून ती उभी राहत नाही.

माझ्यावर चिडून ये. स्टेशनवर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. घरी येऊन चार लोकांत माझी काढ, तेही चालेल. पण ये. लोकांनी तुझं एक वाक्य ऐकलंय, पुढचं त्यांना तुझ्याच तोंडून ऐकू दे. त्या दिवशी माईकची गरज नाही.

ज्याने तुझा आवाज चुकीच्या वेळी मोठा केला, तो तुझा दादा,
मोतीराम

ता. क. माझा जबाब पोचला त्याच संध्याकाळी भैयांनी जयंती समितीला डीजे फुकट देऊ केला. समितीने घेतला. चौदा तारखेच्या मिरवणुकीत यंदा माझा माईक नाही.