तळ्यावरचं निळं फूल

१२ ऑगस्ट १९७४

चार वर्षांपूर्वीची ती सकाळ आज आठवली—सडा झाला होता, चूल पेटली होती, मी भाकरीचं पीठ मळत होते. हे अंगणातल्या दगडी डोणीपाशी उकिडवे बसून दुधाच्या डब्यातलं रोप पाण्यात सोडत होते. रजेवर येताना बंगालहून आणलेलं, चार दिवस रेल्वेत मांडीवर सांभाळून. म्हणाले, "मेलं तर पत्रात लिहू नकोस." ते मेलं नाही. पुढच्या वर्षी लढाईत हेच गेले.

आज नगरपालिकेच्या बागेतल्या तळ्यात इमाम माळी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. हिरव्या पानांचे झुबके ओढत होता. त्यांवर आमच्या डोणीतलंच निळं फूल. मी लांबूनच परतले.

१५ ऑगस्ट, गुरुवार

यांच्या फोटोपुढं वाटीत फूल ठेवलं, वर चिमूटभर बुक्का. नुसतं तोडलं तर लगेच मान टाकतं, म्हणून मुळांसकट ठेवते. दुसरं फूल ठेवलंच नाही कधी. संध्याकाळी ते निर्माल्य बागेच्या तळ्यात सोडायचं. उकिरड्यावर कसं टाकू, लोकांचे पाय पडतात. अडीच वर्षं दर गुरुवारी हेच केलं.

आज फाटकापर्यंत गेले आणि ओच्यातून परत आणलं.

२३ ऑगस्ट

वाचनालयात जुन्या पेपरात सापडलं. जलपर्णी नाव. एका रोपाची एका हंगामात शेकडो होतात, पाणी कोंडतं, मासे मरतात. दोनदा वाचलं. यांची पत्रं पोस्टमनकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून अक्षरं शिकले होते. आज वाटलं, शिकले नसते तर बरं.

३० ऑगस्ट

तळ्याला वास येतोय. कडेला सात मासे उताणे.

१० सप्टेंबर

निम्मं तळं झाकलं. नगरपालिकेचे मेंबर हंबीरराव आले होते. "इमाम, तळं हाय का मळा? मेथी बी लाव की हितं." सगळे हसले.

"रोज काडतोय, सायेब."

"सोमवारी मोकळं दिसलं न्हाई तर तू घरी बस."

मी बाकावर होते, दहा पावलांवर. तोंड उघडलं नाही. घरी येऊन जेवले. जेवण घशाखाली गेलं, याचंच जास्त वाईट वाटतंय.

१५ सप्टेंबर, रविवार

इमाम दारात आला. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा.

"वैनी, पयल्यांदा चारच रोपं हुती. तवाच काडाय पायजे हुती."

"मग काढली का न्हाई, इमामभाई?"

"फुलाला बुक्का हुता. गुरुवारी तुमी यायचा, म्या बगायचो. फौजी माणसाचं हाय, कुटं टाकू? म्हनून ऱ्हाऊ दिलं."

हातातला तांब्या मी उंबऱ्यावर ठेवला.

"हंबीररावांना सांगितलं?"

"न्हाई. सांगनार बी न्हाई."

"मग आलात कशाला?"

"उद्या म्या नसनार. नवा माळी समदं काडून उकिरड्यावर टाकंल. तुमाला अचानक दिसाय नगं, म्हनून सांगाय आलो."

१६ सप्टेंबर

सकाळी डोणी रिकामी केली. सगळी रोपं रस्त्यावर उन्हात पसरली. मग नगरपालिकेत गेले आणि हंबीररावांना चारचौघांत सांगितलं, तळ्यात ते मी सोडलं.